चोवीस इंची नळी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही. झुरळ दिसलं की तो मला हाक मारतो आणि पाय खुर्चीवर घेऊन बसतो. तो पुण्याचा, शाकाहारी आणि सॉफ्टवेअरमधला आहे. त्यामुळे मी एल्कच्या शिकारीसाठी रायफल बनवून घ्यायचं ठरवलं तेव्हा तो या भानगडीत पडणार नाही, अशी माझी समजूत होती. तीन आठवड्यांत त्याची बेचाळीस रांगांची एक्सेल शीट तयार झाली.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. उंचीने घोड्याएवढा, वजनाने सात-आठशे पौंड, आणि राहतो तिथे चढून जाताना माणसाला आपलं वय कळतं. वायोमिंगमध्ये तो मारायचा तर परवाना लागतो. त्यासाठी दरवर्षी अर्ज करायचा, नंबर लागला नाही की एक पॉइंट जमा होतो, आणि पॉइंट साठत गेले की कधीतरी नंबर लागतो. मी नऊ वर्षं पॉइंट साठवले होते. यंदा लागणार हे जवळपास नक्की होतं. यंदा गेलं तर पुढची पाळी साठीनंतर, आणि तोवर गुडघे सोबत असतील याची हमी कोणी देत नव्हतं.

मी मूळची नागपूरची. गेली चोवीस वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉयला राहते आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मोजमापाच्या लॅबमध्ये काम करते. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही, एवढंच माझं काम. आहे तर पास, नाही तर रिजेक्ट. 'ड्रॉइंगवर आहे ते खरं, बाकी गप्पा' हे माझं वाक्य शॉपफ्लोअरवर इतकं पाठ होतं की लोक माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणत.

मला शिकारीला पहिल्यांदा नेलं ते याच कंपनीतल्या एका अमेरिकन टूलमेकरने. मी वीस वर्षं त्याचे पार्ट रिजेक्ट केले आणि तरी आमची मैत्री टिकली. रिटायर झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये लेथ टाकला आणि लोकांना मापाच्या रायफली बनवून द्यायला लागला. मी त्याला म्हातारा म्हणते, तो मला बॉस म्हणतो. दोन्हींत आदर बेताचाच.

सुरुवातीला मी त्याचीच जुनी रायफल वापरायचे. ती सहा फुटी माणसासाठी केलेली, आणि मी पाच फूट एक इंच. दस्ता खांद्याला लावला की स्कोपमधून बघायला मान जिराफासारखी ताणावी लागे. चार वर्षांपूर्वी तशीच मान ताणून मी एका हरिणीवर गोळी झाडली. ती मागे, पोटात लागली. दुपारभर आम्ही पाल्यापाचोळ्यावर रक्ताचे थेंब शोधत फिरलो. मग थेंब संपले. हरिणी सापडली नाही. यावर मी फार बोलत नाही. एवढंच ठरवलं, की यापुढे गोळी झाडीन ती माझ्या मापाच्या रायफलीतून, आणि ती नसेल तर कॅमेरा घेऊन जाईन.

आईला हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती नागपूरला धाकट्या भावाकडे असते, आणि रोज सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा घेत नाही.

"काहून वं, तिकडं मटन नाही भेटत का तुले?" तिने विचारलं.

"भेटते ना."

"मंग? पयलं शील कोणतं, सांग बरं."

"जीव मारू नये, माहीत आहे मले. पण आई, तू दर रविवारी मटन आणते, ते काय झाडाले लागते?"

"मी आणते. मारत नाही. मारणारा येगळा, खाणारा येगळा."

"मी दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली. तेवढाच प्रामाणिकपणा."

"तोंडाले लागू नको माह्या," आई म्हणाली आणि फोन भावजयीकडे दिला. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. मिटेल असंही नाही, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मला ते माहीत आहे.

तर रायफल. बनवून घ्यायची रायफल म्हणजे थोडंफार लग्न जमवण्यासारखं. प्रत्येक भाग वेगळ्या घराण्यातला, आणि एकाचं दुसऱ्याशी पटायला हवं. पहिला प्रश्न काडतुसाचा. नवऱ्याचं मत तीनशे मॅग्नम. इंटरनेटवर जी मंडळी हजार यार्डांवरून एल्क पाडल्याचे किस्से लिहितात त्यांच्यात त्याची ऊठबस सुरू झाली होती. त्यांना तो गेली वीस वर्षं शिकार करतोय असं वाटत होतं, आणि त्याने तो समज दूर केला नव्हता.

"तीनशेची एनर्जी बघ," तो स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला. "एल्क जागेवर पडतो."

"मीही पडेन. दोघं एकदमच."

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. सहा महिने ब्लाउजचा हूक लावता येत नव्हता. फिजिओथेरपिस्टने विचारलं होतं, या खांद्याने तुम्हाला नक्की काय काय करायचंय? मी खरं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपून बोलायला लागली. तीनशेचा धक्का त्या खांद्याला सोसणार नव्हता. शेवटी त्याहून जरा सौम्य, सात एमएम मॅग्नम ठरलं, आणि नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक. त्याने धक्का कमी होतो आणि आवाज वाढतो, म्हणजे त्रास आपला न राहता शेजारच्याचा होतो. आमच्या शिकारीत शेजारी नवराच असणार होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं.

चापाचं तसंच. नवऱ्याला एक पौंडाचा चाप हवा होता, बोट टेकलं की सुटणारा. मी अडीच पौंडांचा घेतला. थंडीत हातमोजे घातलेल्या बाईच्या हातात एक पौंडाचा चाप दिला तर शिंक आली तरी बार उडेल. स्कोप त्याला पंचवीसपट मोठं दाखवणारा हवा होता. "एल्कचे दात मोजायचेत का?" मी विचारलं. पंधरापट पुरे, आणि वजन कमी.

स्कोपचं चाक फिरवलं की ते टकटक करत पुढे सरकतं, आणि एका टकटकीला शंभर यार्डांवर पाव इंचाचा फरक पडतो. त्यासाठी नवऱ्याने ॲप घेतलं. मला त्याची गरज नव्हती. माझे वडील टर्नर होते आणि त्यांनी मला शाळेत जायच्या आधी पावकी पाठ करून घेतली होती. सात पाव पावणेदोन, नऊ पाव सव्वादोन. ॲप उघडेपर्यंत माझं चाक फिरवून झालेलं असतं. मराठी शाळेचा मला अमेरिकेत झालेला हा रोख फायदा. तोट्याचं पुढे येईल.

जानेवारीत आम्ही दोघं म्हाताऱ्याच्या शेडवर माप द्यायला गेलो. त्याने मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला, असं दहा-बारा वेळा. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवत, काढत त्याने चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर ठरवलं: साडेबारा इंच. दुकानातल्या दस्त्यापेक्षा इंचभर तरी आखूड. मान न ताणता स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला. म्हाताऱ्याने खात्रीसाठी आणखी एकदा लावायला सांगितली. त्या हरिणीच्या मागे तोही फिरला होता.

मग त्याने मापाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "तूच भर, बॉस. मी भरला तर तू रिजेक्ट करशील."

मी भरायला लागले. दस्ता, चाप, वजन साडेआठ पौंडांच्या आत. नळीच्या लांबीपाशी आले आणि नवऱ्याने तोंड उघडलं.

"ट्वेंटी-एट घे."

"चोवीस."

"अगं, प्रत्येक इंचामागे व्हेलॉसिटी वाढते. ट्वेंटी-एट इंच म्हणजे..."

"झाडीतून वाहून न्यायची आहे मला ती. तंबूचा बांबू नकोय. चोवीस."

"लाँग रेंजसाठी सगळे ट्वेंटी-एटच घेतात, यार!"

"कोण सगळे? तुझे ते हजार यार्डवाले? त्यातले निम्मे तुझ्यासारखेच वरणभात खाऊन लिहीत असतील. मी चारशेच्या पुढे झाडणारच नाही. चारशेवर चार इंचांचा फरक किती पडतो? दोन बोटं. चोवीस!"

"तू कधी ऐकतेस का माझं? ट्वेंटी-एट!"

"चोवीस, चोवीस, चोवीस," असं म्हणत मी आकडा लिहिला, खाली दणकून सही केली आणि कागद म्हाताऱ्याला दिला. त्याने कागद पाहिला, नवऱ्याकडे पाहून किंचित मान हलवली, आणि कागद भिंतीवर टाचला. ती मान हलवणं माझ्या लक्षात राहिलं. अर्थ कळायला ऑगस्ट उजाडला.

मे महिन्यात परवाना लागला. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी म्हाताऱ्याचा फोन आला, घेऊन जा. शेडमध्ये टेबलावर राखाडी दस्त्याची ती रायफल ठेवलेली होती. मी उचलली आणि तिचं तोंड खाली गेलं. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. दस्ता जमिनीवर टेकवून उभी धरली तर तोंड माझ्या खांद्याशी आलं. खिशातली टेप काढून नळी मोजली. अठ्ठावीस. वजनकाट्यावर ठेवली. नऊ पौंडांच्या वर.

मी नवऱ्याकडे वळले. "फोन केलास ना तू याला?"

"काय?"

"माझ्यामागे फोन करून बदलून घेतलंस. अठ्ठावीस आहे ही."

"मी? आईशप्पथ नाही."

"आईला मध्ये आणू नकोस. तुझी शीट, तुझे मित्र, तुझं ट्वेंटी-एट. नऊ वर्षं थांबले मी, आणि तू एका आकड्याच्या हट्टापायी..."

"मी काहीही केलेलं नाही," तो हळू म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. तो भांडताना आवाज चढवतो. हळू बोलला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

म्हाताऱ्याने भिंतीवरचा कागद काढून माझ्यासमोर धरला. "ड्रॉइंगप्रमाणे आहे," तो म्हणाला. "रिजेक्ट करून दाखव."

मी कागद पाहिला. वरचे सगळे आकडे इंग्रजीत, माझ्या लॅबमधल्या नीट अक्षरात. नळीच्या लांबीपुढे मात्र मी लिहिलं होतं: २४. मराठीत. भांडण मराठीत चाललं होतं, त्यामुळे हातही मराठीत गेला होता. मराठी दोन इंग्रजी दोनसारखाच दिसतो. आणि मराठी चार, ज्याने आयुष्यात मराठी पाहिलेलं नाही त्याला, चक्क इंग्रजी आठ दिसतो. वरचं टोक थोडं उघडं राहिलेला, घाईत लिहिलेला आठ.

"हा चार आहे," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला, खाली केला. "कुठल्या देशात?"

"अरे, पण मी तोंडाने किती वेळा सांगितलं!"

"तुम्ही दहा मिनिटं भांडत होतात. त्यातला मला एकच आकडा कळला. ट्वेंटी-एट. चार वेळा. मग तू कागदावर तेच लिहून सही ठोकलीस. मला वाटलं नवरा जिंकला. मला जरा आश्चर्यही वाटलं."

म्हणजे ती मान हलवणं हे अभिनंदन होतं.

वीस वर्षांत माझ्या सहीचा चुकीचा कागद निघाला नव्हता. निघाला तो नेमका या रायफलीचा. मी बाहेर गाडीपाशी गेले आणि काच ठोठावली. नवऱ्याने ती चार बोटं खाली केली.

"माझी चूक आहे. मी मराठीत चार लिहिला."

त्याने थोडा विचार केला. "लेखी दे," तो म्हणाला. "आणि आकडे इंग्रजीत."

मग तो इतका हसला की डोळे पुसायला त्याला टिश्यू लागले. अजूनही हसतो.

नळी कापता येत होती. लांब असेल तर कापता येते, आखूड झाली तर गेलीच. पण कापल्यावर तोंड पुन्हा तंतोतंत घासायचं, ब्रेकसाठी आटे पुन्हा पाडायचे, आणि म्हाताऱ्यापुढे अकरा गिऱ्हाइकांच्या रायफली रांगेत होत्या. सगळ्यांचा मोसम तोच. पंचवीस सप्टेंबरला तो स्वतः शिकारीला निघणार होता. माझी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि कापून आल्यावर सराव न करता मी डोंगरात जाणार नव्हते, हे त्यालाही माहीत होतं.

"लांबच ने की," तो म्हणाला. "पुष्कळ लोक नेतात."

"तोंड खाली जातंय. पुन्हा मान ताणून, हात थरथरवत झाडायची का?"

त्याने रांगेतल्या रायफलींकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीन शनिवार येऊन माझं काम मोजून दे. मोजण्यात माझा निम्मा वेळ जातो. तेवढ्यात तुझी बसवतो."

मी तीन शनिवार गेले. त्याच्या अकरा रायफलींपैकी दोन रिजेक्ट केल्या. तो मनापासून शिव्या देत त्या पुन्हा करत होता आणि दोघांनाही जुने दिवस आल्यासारखं वाटत होतं. आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने पहिलं शील वगैरे काही काढलं नाही. ती आयुष्यभर घरी शिवणकाम करत आली आहे. ती म्हणाली, "चार इंच माया सुटली म्हण ना. कमी पडलं असतं मंग काय केलं असतं?" शिवणात जास्तीचं कापड सोडतात त्याला आपण माया म्हणतो. नळीलाही असते, हे मला तिच्याकडून कळलं.

तिसऱ्या शनिवारी रायफल हातात आली. उचलली तर तोंड सरळ राहिलं. कापलेला चार इंचांचा तुकडाही म्हाताऱ्याने दिला. नवरा त्याने चहासाठी वेलदोडे कुटतो. मधल्या भोकात वेलदोडा अडकतो आणि मग तो टूथपिकने काढत बसतो. तरी खलबत्त्यातला बत्ता वापरत नाही.

सरावासाठी मी घरातलं स्टीलचं जेवणाचं ताट कागदावर ठेवून गोल काढला. एल्कच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा साधारण तेवढीच. चारशे यार्डांवर पाचपैकी पाच ताटात. साडेचारशेवर चार. पाचशेवर तीन. नवऱ्याने शीटमध्ये 'कमाल अंतर' या रकान्यात चारशे लिहिलं आणि तो रकाना पासवर्ड घालून बंद केला. पासवर्ड मला सांगितला नाही. हे त्याने माझ्यासाठी केलेल्या सर्वांत समजूतदार गोष्टींपैकी एक आहे.

वायोमिंगला तो माझ्यासोबत आला, ओझं वाहायला. साडेनऊ हजार फुटांवर त्याला धाप लागत होती आणि पिशवीत थेपले होते. तिसऱ्या दिवशी समोरच्या उतारावर एक नर निघाला. शिंगं अशी की नवऱ्याचे हजार यार्डवाले मित्र रडले असते. नवऱ्याने दुर्बिणीतून अंतर घेतलं.

"सहाशे बारा," तो कुजबुजला. आणि जरा थांबून, "गोळी जाते तिथवर."

"गोळी जाते. मी नाही जात."

त्याने दुर्बीण खाली ठेवली. तो नर पाच मिनिटं आरामात चरला आणि झाडीत गेला. आम्ही चार तास वळसा घेतला, तो पुन्हा दिसला नाही. परवान्याचे दोनच दिवस उरले होते.

पाचव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडे एक मादी आली. नऊ वर्षं थांबून मादी, हे नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. अंतर तीनशे चाळीस. परवाना नर-मादी दोन्हींचा होता. मी पिशवीवर नळी टेकवली. मान कुठेही ताणावी लागली नाही, पूर्ण गोल दिसत होता. पावकी म्हटली, चाक फिरवलं, श्वास सोडला.

ती वीस पावलं गेली आणि बसली. मग आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा संपलेली होती. माग काढावा लागला नाही. मी गुडघ्यावर बसून टेपने मोजलं. ज्या ठिकाणी नेम धरला होता तिथून छिद्र पावणेदोन इंच मागे. ताटाच्या आत. मी टेप खिशात ठेवली आणि मान खाली घालून पिशवी चाचपू लागले. नवऱ्याने विचारलं, रडतेयस का? मी म्हटलं, नाही, चाकू शोधतेय.

मांस खाली आणायला पाच फेऱ्या लागल्या. शाकाहारी माणसाने नाकाला मफलर बांधून त्यातल्या तीन केल्या, आणि आता फोरमवर तो गप्प असतो. मला वाटतं, त्याला पहिल्यांदाच वजन कळलं.

घरी येऊन मी मांसाची पाकिटं केली, वजनं लिहिली आणि म्हाताऱ्याचा वाटा त्याला पोचवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"बॉस, पाकिटावर आठ पौंड लिहिलंय. काट्यावर चार भरतंय."

मी डोळे मिटले.

"ड्रॉइंगप्रमाणे नाही," तो म्हणाला. "रिजेक्ट. उरलेले चार घेऊन ये."

मी नेऊन दिले.